जुन्या गाडीचा डिस्ट्रिब्युटर: नवे पॉइंट घालण्याआधी बुश तपासून घ्या

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागातून आमच्याकडे जुन्या ॲम्बॅसेडर, पद्मिनी आणि विलीस जीप येतात. बऱ्याच मालकांची तक्रार एकच असते: ‘पॉइंट नवे घातले, चार दिवस गाडी छान चालली, पुन्हा मिसिंग सुरू.’ मिसिंग म्हणजे इंजिनची ठिणगी मधूनमधून चुकणे. अशा वेळी दोष बहुधा पॉइंटचा, म्हणजे ठिणगीसाठी करंट जोडणाऱ्या-तोडणाऱ्या टोकांचा, नसतो. प्रत्येक सिलिंडरला वेळेवर ठिणगी पोचवणाऱ्या डिस्ट्रिब्युटरच्या शाफ्टचा बुश, म्हणजे शाफ्ट ज्यात फिरतो ती नळी, झिजलेला असतो.

हे तुम्हाला घरीच बघता येईल. बॅटरीची वायर काढा, कॅप उघडा, रोटर (शाफ्टवर फिरणारा वरचा तुकडा) उपसून घ्या आणि शाफ्टचे वरचे टोक दोन बोटांत धरून आडवे हलवून बघा. फिरवताना स्प्रिंगचा जो ताण जाणवतो तो ॲडव्हान्सचा (वेग वाढला की ठिणगी लवकर पाडणाऱ्या यंत्रणेचा), तो हवाच. पण शाफ्ट आडवा खुटखुट हलला, तर बुश गेला म्हणून समजा. ल्युकास पद्धतीच्या डिस्ट्रिब्युटरला पॉइंटचा गॅप ०.३५ ते ०.४० मि.मी. लागतो. शाफ्ट ०.१ मि.मी. जरी डगमगला तरी त्यातला पाव भाग इकडे-तिकडे होतो. एका सिलिंडरला ठिणगी लवकर पडते, दुसऱ्याला उशिरा. चार सिलिंडरच्या इंजिनात ३००० आरपीएमला सेकंदाला १०० ठिणग्या पडतात. मग फिलर गेज लावून गॅप कितीदा सेट केला तरी तो टिकणार कसा?

आम्ही डिस्ट्रिब्युटर पूर्ण खोलतो, लेथवर मापाचा बुश करून बसवतो आणि शाफ्टला जुळेल असा रीमर मारतो. बेळगावच्या उद्यमबागेत चांगले टर्नर असल्यामुळे हे काम इथल्या इथे होते. शाफ्टलाच चरे पडले असतील तर तसे आधी कळवतो. ॲडव्हान्सची वजने आणि स्प्रिंगाही बघतो. बऱ्याच डिस्ट्रिब्युटरमध्ये एक स्प्रिंग नाजूक आणि एक जाड असते, ती तशीच हवी. दोन्ही सारख्या घातल्या की ॲडव्हान्स बिघडतो आणि चोर्ला घाटाच्या चढाला गाडी एकतर दम टाकते, नाहीतर नॉकिंग करते.

इंजिनच्या ओढीने ठिणगीची वेळ बदलणाऱ्या व्हॅक्यूमची नळी कार्ब्युरेटरकडून सोडवून तोंडाने हवा ओढा आणि टोक जिभेने बंद करा. ओढ टिकली पाहिजे. लगेच सुटली तर डायफ्रॅम (आतला पातळ पडदा) फाटला आहे. पेट्रोल जास्त खाण्याचे ते एक कारण.

पॉइंट काळे पडून जळत असतील तर आधी कंडेन्सर (पॉइंटवर ठिणगी उडू न देणारा भाग) बदला. आणि खानापूरकडच्या पावसात गाडी सकाळी उठत नसेल तर कॅप आतून कोरडी पुसून उजेडात धरा. पेन्सिलीने ओढल्यासारखी बारीक काळी रेघ दिसली तर करंट तिथून पळतो आहे. ती खरवडून उपयोग नाही, कॅप नवीच घ्या.

डिस्ट्रिब्युटर काढून आणणार असाल तर आधी रोटरचे तोंड कुठे आहे आणि बॉडी ब्लॉकवर कशी बसली आहे, याच्या खुणा करा, वायरींचा फोटो काढा. नंतर इंजिन अजिबात फिरवू नका. जुनी कॅप, रोटर, बारीक वॉशर, सगळे सोबत आणा. काही टाकून देऊ नका. या गाड्यांचे मूळ भाग आता सहज मिळत नाहीत.

बसवल्यानंतर रोटरखाली इंजिन ऑइलचे दोन-तीन थेंब आणि कॅमला (पॉइंट उघडणाऱ्या शाफ्टवरच्या उंचवट्यांना) ग्रीसचा नुसता हात, एवढे दर सर्व्हिसिंगला करून घ्या. पॉइंटच्या तोंडाला मात्र तेल लागू देऊ नका.