तुरुंगवास आणि बंद घराची घरपट्टी : एक खुलासा

‘घरमालक तुरुंगात असेल आणि घराला कुलूप असेल, तर तेवढ्या काळाची घरपट्टी आपोआप माफ होते’ असा मजकूर वर्षानुवर्षे फिरत आहे. हा समज अगदीच निराधार वाटत नाही, कारण इंग्लंडमध्ये मालकाच्या कैदेमुळे रिकाम्या राहिलेल्या घराला स्थानिक करातून खरोखरच सूट मिळते. मात्र तो कर प्रामुख्याने घरात राहणाऱ्यावर असतो.

महाराष्ट्रातील घरपट्टी मिळकतीवर आकारली जाते आणि ती भरण्याची मुख्य जबाबदारी मालकाची असते. तो कोठे आहे, यावर ती अवलंबून नसते. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, 1949 मध्ये मिळकत रिकामी राहिल्यास परताव्याची तरतूद आहे, परंतु ती रिकामेपणासाठी आहे, कैदेसाठी नाही, आणि त्यासाठी लेखी सूचना द्यावी लागते. एरवी मुदतीनंतर थकबाकीवर दरमहा 2 टक्के शास्ती चढते आणि अखेर जप्तीची वेळ येऊ शकते.

पडताळणीसाठी जुन्या बिलावरील मिळकत क्रमांक घेऊन करविभागात चालू मागणी, थकबाकी आणि शास्ती हे रकाने पाहावेत. भरणा करायला मालकच लागतो असेही नाही. त्या क्रमांकावर घरातील कोणीही पैसे भरू शकते, पावती तेवढी जपून ठेवावी.