श्रेणीविना पदवी आणि पीएचडीचा अर्ज : पार्श्वभूमी

ए, बी, सी अशा श्रेणी अमेरिकेतील महाविद्यालयांत रुळल्या त्या एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून. श्रेणीच नसलेल्या पदवीधराचा पीएचडीचा अर्ज तोलायचा कसा, हा पेच मात्र १९६० नंतरचा आहे, कारण त्या काळात निघालेल्या काही संस्थांनी श्रेणी देणेच नाकारले. कॅलिफोर्निया विद्यापीठाचे सांताक्रूझ येथील संकुल १९६५ मध्ये सुरू झाले, मॅसॅच्युसेट्समधील हॅम्पशायर कॉलेज १९७० मध्ये आणि वॉशिंग्टन राज्यातील एव्हरग्रीन स्टेट कॉलेज १९७१ मध्ये. येथे सत्र संपले की विद्यार्थ्याला प्राध्यापकाने लिहिलेले वर्णनात्मक मूल्यमापन मिळत असे. महाराष्ट्रातील शिक्षकांना यावरून शाळेतल्या 'वर्णनात्मक नोंदी' आठवतील, पण साम्य बरेचसे नावापुरते आहे. चांगल्या मूल्यमापनात निबंधातला युक्तिवाद कोठे लंगडा पडला, प्रयोगाच्या नोंदी कशा ठेवल्या होत्या, चर्चेत विद्यार्थी केव्हा बोलू लागला, इतक्या बारकाईने लिहिलेले असे.

अडचण झाली ती 'पास' या शब्दाने. आपल्याकडे नुसते 'पास झाला' म्हटले की ऐकणाऱ्याच्या मनात 'काठावर' हा शब्द आपोआप येतो, आणि प्रवेश समित्यांचेही फारसे वेगळे नव्हते. अन्यत्र पास म्हणजे सी किंवा त्याहून वर, असा संकेत असल्याने पासांनी भरलेले प्रगतिपत्रक त्यांना सामान्य वाटण्याचा धोका होता. सांताक्रूझमध्ये मात्र वर्गातला सर्वोत्तम विद्यार्थीही 'पास'च असे. त्यातच नापास विषयाची तेथे बराच काळ नोंदच होत नसे, त्यामुळे प्रगतिपत्रकात काय आले नाही, याचीही शंका बाहेरच्या वाचकाला येऊ शके. खुलासा सोबतच्या मूल्यमापनांत होता, पण तीसहून अधिक विषयांचे परिच्छेद वाचायला शेकडो अर्ज हाताळणाऱ्या समितीकडे सवड कोठून असणार?

फेब्रुवारी २००० मध्ये सांताक्रूझच्या प्राध्यापकांनी मतदानाने श्रेणी सक्तीची केली आणि २००१ च्या शरद सत्रात प्रवेश घेणाऱ्यांपासून ती लागू झाली. श्रेणीअभावी पुढील प्रवेशांत आणि शिष्यवृत्त्यांत विद्यार्थी मागे पडतात, हे समर्थकांचे एक प्रमुख म्हणणे होते. आमचे विद्यार्थी उत्तम ठिकाणी प्रवेश मिळवतच आले आहेत, असे विरोधक म्हणत. या वादात प्रवेशाच्या मुद्द्याला जरा जास्तच वजन मिळाले, असे प्रस्तुत लेखकाला वाटते. विज्ञानाच्या वरच्या वर्गांतील काही विषयांना मागणी केल्यास श्रेणी आधीपासूनच मिळत असे, म्हणजे ज्यांना आकडा हवा होता त्यांच्यातील काहींची तरी सोय होती. खरी ओढाताण संख्येची होती. सुमारे साडेसहाशे विद्यार्थ्यांनिशी सुरू झालेले संकुल दहा हजारांपलीकडे गेले होते, आणि दोनशे-तीनशेंच्या वर्गात प्रत्येकावर परिच्छेद लिहायचा म्हटले की ठरावीक वाक्ये इकडून तिकडे चिकटवली जाणारच. असे मूल्यमापन वाचून प्रवेश समितीला काहीच कळत नसेल, तर दोष तिचा एकटीचा नव्हता. श्रेणीबरोबर मूल्यमापने चालू राहिली, पण २०१० मध्ये तीही ऐच्छिक झाली.

एव्हरग्रीनने श्रेणी स्वीकारली नाही, त्यामुळे तेथील पदवीधराच्या अर्जात सरासरी गुणांक नसतो. तेथे विद्यार्थ्याने स्वतःविषयी लिहिलेल्या मूल्यमापनालाही स्थान आहे. १९३६ मध्ये सुरू झालेली जीआरई, म्हणजे पदवीनंतरच्या प्रवेशासाठीची सामायिक परीक्षा, ही अशा अर्जदारांना इतरांशी एकाच मापाने तोलणारी जवळपास एकमेव गोष्ट होती. करोनाच्या साथीनंतर अनेक विभागांनी तिची सक्ती काढली आणि शिफारसपत्रे व संशोधनाचा नमुना यांवरचा भार वाढला. असा पदवीधर पीएचडीसाठी भारतात आला, तर पेच अधिक घट्ट होतो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांनुसार पदव्युत्तर पदवीला किमान ५५ टक्के, किंवा चार वर्षांच्या पदवीनंतर थेट यायचे तर ७५ टक्के, अथवा तेवढ्याच तोलाची श्रेणी लागते, आणि त्या पदवीधराच्या कागदांवर टक्केही नसतात, श्रेणीही नसते.