ऑरेंज म्हणजे आवरायचा दिवस, रेड म्हणजे थांबायचा

सप्टेंबरात सोयाबीन काढणीला आलेलं असतं आणि मोबाइलवर जिल्ह्याचं नाव घेऊन हवामान खात्याच्या पावसाच्या इशाऱ्याचा रंग येतो. ऑरेंज म्हणजे जरा जास्त पाऊस, रेड म्हणजे लई पाऊस, एवढंच बहुतेकांच्या डोक्यात असतं. ते चूक नाही, पण अर्धंच आहे.

हवामान खात्याच्या मोजणीत सकाळी साडेआठ ते दुसऱ्या दिवशी साडेआठ या चोवीस तासांत ६४.५ मिलिमीटरच्या पुढं मुसळधार, ११५.६ च्या पुढं अति मुसळधार आणि २०४.४ ओलांडला की अत्यंत मुसळधार. मराठवाड्याची पावसाळ्याची सरासरीच सुमारे ६८० मिलिमीटर. म्हणजे अत्यंत मुसळधार झाला तर चार महिन्यांतला जवळपास तिसरा हिस्सा एका दिवसात! एकराला मोजलं तर आठ लाख लिटरच्या वर पाणी. काळ्या रानाला ते पचत नाही.

पण रंग नुसत्या मिलिमीटरवर ठरत नाही. पाऊस येण्याची शक्यता किती आणि आला तर नुकसान किती, हे दोन्ही त्यात धरलेलं असतं. म्हणून प्रत्येक रंगाला एक काम जोडलंय. यलोला लक्ष ठेवा, ऑरेंजला तयार राहा, रेडला कृती करा.

माझ्या मते खरा कामाचा दिवस ऑरेंजचा. काढलेल्या सोयाबीनची सुडी, म्हणजे गंजी, उंचावर घ्यायची, ताडपत्री दोरीनं आवळायची, नदीवरची मोटार वर काढायची, शेतातल्या आखाड्यावरची जनावरं गावात आणायची. ही कामं रेडवर ढकलू नका. रेड लागल्यावर एकच काम उरतं, माणसं आणि जनावरं सुरक्षित जागी ठेवणं. पुलावरून पाणी वाहत असेल तर शेतात कितीही माल असो, पलीकडं जायचं नाही.

'ऑरेंज होता, थेंबही नाही पडला' असं म्हणून पुढचा इशारा सोडून देणारे दरवर्षी भेटतात. इशारा जिल्ह्याचा असतो. लातूर जिल्ह्यातच अहमदपुरात धो धो आणि निलंग्यात ऊन, असं एकाच दिवशी होऊ शकतं.

गोदाकाठच्यांनी मात्र आपल्या जिल्ह्याच्या रंगावर विसंबू नये. नाथसागर, म्हणजे पैठणचं जायकवाडी धरण, भरतो तो नाशिक-अहिल्यानगरकडच्या पावसानं. तुमच्या डोक्यावर हिरवा रंग, म्हणजे काहीच इशारा नसतानाही पैठणचे दरवाजे उघडू शकतात, म्हणून किती क्युसेक (सेकंदाला किती घनफूट) पाणी सोडलंय हे रोज विचारा.