जड एमडीएफ म्हणजे टिकाऊ? छे!

भिंतीवरच्या लिप्पन (माती-आरशांची कच्छी कला) किंवा मंडला (वर्तुळाकार नक्षी) कामासाठी ‘जितका जड एमडीएफ, तितका टिकाऊ’ हा समज कोल्हापुरात अजून पक्का आहे. एमडीएफ म्हणजे लाकडाचे तंतू आणि रेझिन दाबून केलेली फळी. कापलेली कड उघडी राहिली की ओल शोषते, फुगते आणि पुन्हा पूर्ववत होत नाही. जाडी वाढवून हे थांबत नाही, उलट खिळ्यावर भार वाढतो. आपण रंगवतो फक्त दर्शनी बाजू. जुलैत ओल येते भिंतीकडून! म्हणून कडा आणि पाठ, दोन्हींवर ऑइल प्रायमर मारा. शिवाजी पेठेतल्या जुन्या घरासारखी भिंत कायम ओलसर असेल, तर आयएस ७१० (मरीन प्लायचे भारतीय मानक) शिक्क्याचा मरीन प्लाय, म्हणजे ओल सोसणारा प्लायवुडच घ्या. हलक्या कामाला पीव्हीसी फोमची हलकी फळी, म्हणजे सनबोर्ड पुरतो. तो पाणी पीत नाही, कडक उन्हात मात्र वाकतो.