धक्क्यावरचे बोट-डिटेलिंग: काम घरापाशी आले, सांडपाण्याची सोय यार्डातच राहिली

लाकडी नौकांच्या काळात दरवर्षी नौका पाण्याबाहेर ओढणे चुकत नसे. तळ खरवडणे, फटी बुजवणे, व्हार्निशचे हात देणे, सगळे नौका-दुरुस्तीच्या यार्डात कोरड्या जमिनीवर व्हायचे. फायबरग्लासने हे चित्र बदलले. 1960 च्या दशकात साच्यातल्या नौका घाऊक निघू लागल्या आणि त्यांना देखभाल लागत नाही असा समज पसरला. पण फायबरग्लासवरचा जेलकोट, म्हणजे राळेचा चकचकीत बाहेरचा थर, जेमतेम अर्धा मिलिमीटर असतो. उन्हाने त्याचा वरचा थर मरतो, चमक जाते आणि हात फिरवला की पांढरी भुकटी लागते. डिटेलिंगचा, म्हणजे नौका धुऊन, घासून पुन्हा चमकवण्याचा धंदा या भुकटीवर उभा आहे.

घराला लागून खासगी धक्का ही गोष्टही तशी अलीकडचीच. फ्लोरिडात फोर्ट लॉडरडेलला 1920 च्या दशकात दलदल उपसून कालवे काढले आणि त्याच गाळाच्या भरावावर घरे बांधली गेली. 1957 पासून वसलेल्या केप कोरलमध्ये असे 600 किलोमीटरहून जास्त कालवे आहेत. ऑस्ट्रेलियाच्या गोल्ड कोस्टवरही 1950 च्या दशकात हेच सुरू झाले. यातले बरेच कालवे एका टोकाला बंद आहेत आणि भरती-ओहोटीने त्या टोकाचे पाणी फारसे बदलत नाही. साबणाचे पाणी कालव्यात सोडण्याचा पुढचा सगळा वाद समजायला हे लक्षात हवे.

हत्यारे आणि पद्धती बऱ्याचशा मोटारींच्या कामातून आल्या, आणि तिथेच गोची झाली. मोटारीच्या रंगावरचा पारदर्शक थर (क्लिअरकोट) 40-50 मायक्रॉनचा, जेलकोट त्याच्या दहापट जाड, पण मऊ आणि सच्छिद्र. मोटारीच्या हलक्या पॉलिशने मेलेला थर निघत नाही. फार विटलेल्या जागी 1000 नंबरचा पॉलिश पेपर ओला करून, मग 1500 आणि 2000, त्यानंतर लोकरी पॅडवर कंपाउंड (घासून काढणारी पेस्ट), फोम पॅडवर पॉलिश आणि शेवटी मेण किंवा सीलंट, असा क्रम लागतो. कडांवर जेलकोट पातळ असतो. फिरत्या पॅडचे रोटरी मशीन तिथे क्षणभर रेंगाळले तरी खालचे काचतंतूंचे कापड दिसू लागते. कंपाउंडमधले तेल ओरखड्यांत भरून खोटी चमक देते, म्हणून आयसोप्रोपाइल अल्कोहोल आणि पाण्याने पुसून खात्री करावी. सिरॅमिक कोटिंग आल्यापासून ही तपासणी टाळणे फार महागात पडते, कारण खालचा मंदपणा कोटिंगखाली तसाच अडकतो.

2005 नंतर लिथियम-आयन बॅटरीची हत्यारे आली आणि धक्क्यावरचे काम खऱ्या अर्थाने सुटसुटीत झाले. पाण्याच्या कडेला वायर ओढणे जिवावर बेतू शकते.

आता ज्या शब्दावर सगळे अडते तो ‘बायोडिग्रेडेबल’, म्हणजे निसर्गात आपोआप कुजून विघटन होणारे. यार्डातल्या धुण्याच्या जागेला उतार, गाळणी आणि टाकी असते. घरच्या धक्क्यावर डेकच्या भोकातून साबण थेट कालव्यात. डबीवर हा शब्द असला की चालते, असे ग्राहक आणि कामगार दोघेही धरून चालतात. पण रूढ चाचणीत 28 दिवसांत सुमारे 60 टक्के विघटन झाले तरी पदार्थ पास होतो. तोवर त्यातली सर्फॅक्टंट (मळ सोडवणारी साबणी द्रव्ये) माशांच्या कल्ल्यांना त्रास देतच राहतात, आणि विघटनाला लागणारा ऑक्सिजन त्याच साचलेल्या पाण्यातून जातो. अमेरिकेत 2008 च्या कायद्याने हौशी नौकांच्या नेहमीच्या वापरातून निघणाऱ्या पाण्याला संघीय परवान्यातून सूट दिली. ती सूट नौकेच्या वापरापुरती आहे. पैसे घेऊन रसायने वापरणाऱ्याने तिचा आधार घेणे आमच्या मते ओढूनताणून आहे, आणि स्थानिक नियम त्याहून कडक असू शकतात.

म्हणून आधी नुसत्या गोड्या पाण्याने मीठ उतरवावे. साबण बादलीत, फडक्यावर, लागेल तिथेच. भोके बुचांनी बंद करून डेकवरचे पाणी ओल्या व्हॅक्यूमने ओढून घ्यावे. शेवटचे पाणी डीआयोनायझरमधून (पाण्यातले क्षार काढणाऱ्या गाळणीतून) दिले, क्षारांच्या मीटरवर शून्य पीपीएम असले, की डागही पडत नाहीत आणि पुसण्याचे रसायनही वाचते. पाणरेषेवरच्या पिवळ्या डागांना ऑक्झॅलिक आम्लाचे जेल ब्रशने लावून, ओल्या फडक्याने टिपून घ्यावे. फवारा मारू नये.

पाणरेषेखाली मात्र हात घालू नये. तिथे शेवाळ-शिंपले चिकटू नयेत म्हणून लावायच्या रंगाचा इतिहास वेगळाच आहे: त्यातल्या ट्रायब्यूटिलटिन या विषारी द्रव्याने कालव या शिंपल्यांची पैदास बिघडवल्यावर फ्रान्सने 1982 मध्ये लहान नौकांवर त्यावर बंदी आणली, आंतरराष्ट्रीय बंदी 2008 मध्ये लागू झाली. आता बहुतेक ठिकाणी तांबे असते, आणि झिजणाऱ्या प्रकारच्या रंगावर ब्रश दाबला की ते भुकटीसकट सुटते. पाणरेषेजवळ घासतानाही ब्रशभोवतीच्या पाण्यात रंगाचा ढग दिसला, तर घासणे तिथेच थांबवावे. पुढचे काम यार्डातले.