वेल तर फोफावलाय, घड कुठेत?

टेरेसवर द्राक्षाचा वेल लावला आणि पहिली दोन वर्षं नुसती पानं मिळाली. वेल पाण्याच्या टाकीवर चढला, तिथून शेजारच्या काकूंच्या कपडे वाळत घालायच्या दोरीवर पोचला, पण घड एकसुद्धा नाही. मी आपला युरिया वाढवतोय, पाणी वाढवतोय. मग निफाडकडचे मामा आले, वेल बघून हसायलाच लागले. "छाटतोस कधी रे?" मी म्हटलं छाटू कशाला, एवढा हिरवागार आहे. "म्हणूनच!"

आता यातलं सायन्स भारी आहे. घड काडीवर पानाच्या बरोबर समोर येतो आणि वेल ज्याने आधार पकडतो तो स्प्रिंगसारखा ताणवा, तोही पानाच्या समोरच येतो. जागा एकच, कारण दोघांची सुरुवातच एक आहे. डोळ्याच्या, म्हणजे काडीवरच्या कळीच्या आत आधी पेशींचा एक बारीकसा उंचवटा तयार होतो, त्याचं काय व्हायचं हे तेव्हा ठरलेलं नसतं. मग वेलातल्या दोन हार्मोन्सची रस्सीखेच: सायटोकायनिनचं पारडं जड झालं तर घड, जिबरेलिनचं झालं तर ताणवा. पिनो म्यूनिए या फ्रेंच जातीपासून एक बुटकं झाड मिळालं, ज्याला जिबरेलिन जवळपास कळतच नाही, तर त्याला ताणव्यांच्या जागी सगळीकडे घड! हे 2002 साली प्रसिद्ध झालं. घरच्या वेलावर पण नीट बघा, कधीकधी ताणव्यालाच दोन-तीन मणी लोंबत असतात, म्हणजे निर्णय अर्धवट राहिला.

हा निर्णय होतो कधी, तिथेच माझी गोची झाली होती. थंड देशात वेल हिवाळ्यात पानं गाळून झोपतो, आपल्याकडे तो झोपतच नाही, म्हणून महाराष्ट्रात वर्षातून दोनदा छाटतात. एप्रिलच्या आसपास खरड छाटणी, म्हणजे ओलांड्यावर (वेलाच्या आडव्या जाड फांदीवर) एक-दोन डोळे ठेवून बाकी सगळं साफ, आणि ऑक्टोबरच्या सुमारास घड बाहेर यावेत म्हणून गोडी छाटणी. खरडीनंतर नवीन काड्या फुटतात आणि साधारण 40 ते 60 दिवसांच्या काळात त्यांच्या डोळ्यांत घड बनायला लागतो, बागायतदार याला सूक्ष्मघडनिर्मिती म्हणतात. फेब्रुवारीत आपण जो घड खातो तो मे-जूनमध्येच डोळ्यात बसलेला असतो. तेव्हा डोळ्यांवर थेट ऊन पाहिजे आणि नत्र, पाणी बेताचं. मी नेमका मे महिन्यात युरिया ओतत होतो, वर पानांची एवढी गर्दी की आत सावलीच सावली.

मामांनी एक डोळा ब्लेडने उभा कापून दाखवला. मोबाईलवर झूम करून मला एवढंच कळलं की आत एक नाही, तीन कोंब असतात, मधला मुख्य आणि बाजूला दोन स्टेपनी. घड बघायला मायक्रोस्कोप लागतो, म्हणून बागवाले गोडी छाटणीच्या आधी काड्या लॅबला देऊन डोळे तपासून घेतात आणि मग कितव्या डोळ्यावर कात्री मारायची ते ठरवतात. थॉमसनसारख्या बिनबियांच्या द्राक्षाच्या जातीत बुडाचे डोळे बहुतेक वांझ असतात, घड काडीवर वर असतो. ऑक्टोबरमध्ये पण खरडीसारखं आखूड कापलंत तर सगळे घड कचऱ्याच्या डब्यात गेले.

छाटल्यावर शेंड्याचा डोळा आधी फुटतो आणि खालच्यांना दाबून ठेवतो. सगळे डोळे एकदम फुटावेत म्हणून बागेत हायड्रोजन सायनामाईड हे रसायन लावतात, पण ते विषारी आहे, घरी अजिबात नको, काडी आडवी वाकवून बांधा, तेवढ्याने बराच फरक पडतो.

पाणी बुडाशीच घाला. केवडा (डाउनी मिल्ड्यू) या पानांच्या रोगाचे जंतू ओल्या पानावरच्या पाण्यात अक्षरशः पोहतात, संध्याकाळी पानं भिजवली की त्यांची सोयच. भुरी या पांढऱ्या पावडरीसारख्या बुरशीला मात्र कोरडं पानही चालतं, तिथे मोकळी हवा हाच उपाय.

यंदा अकरा घड लागले. रंग आला म्हणून मी लगेच एक तोडला, आंबट ढाण! केळी-आंब्यासारखी द्राक्षं तोडल्यावर पिकत नाहीत, साखर वेलावरूनच यावी लागते. आता घडाच्या अगदी खालच्या टोकाचा मणी चाखतो, तो सगळ्यात शेवटी गोड होतो. तोपर्यंत घडांना कागदी पिशव्या, कारण बुलबुल आंबट-गोड बघत नाहीत.