नाव बदललं म्हणून व्हिडिओ बदलत नाही

‘वेबसाइटवर स्वतःचा व्हिडिओ टाकताना फाइलच्या नावाशेवटी .एमपी४ करा, सगळीकडे चालतो,’ हा सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय. कधीकधी तो चालतोही, म्हणून विश्वास बसणं साहजिकच. पण एमपी४ हा नुसता डबा. मिठाच्या डब्यावर ‘साखर’ लिहिलं तरी आत मीठच राहतं. आत चित्र कोणत्या कोडेकने, म्हणजे व्हिडिओ दाबून साठवण्याच्या कोणत्या पद्धतीने भरलंय, त्यावर सगळं अवलंबून. एच.२६४ हे कोडेक जवळपास प्रत्येक ब्राउझरला कळतं. आयफोनवर २०१७ पासून आलेलं एचईव्हीसी हे कोडेक मात्र सगळीकडे उघडत नाही. कधी आवाज येतो आणि चित्राच्या जागी काळा चौकोन.

व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरमध्ये फाइल उघडून कोडेकची माहिती बघा. एचईव्हीसी दिसलं तर हँडब्रेक या व्हिडिओ बदलणाऱ्या प्रोग्रामने एच.२६४ करून घ्या. तिथलं ‘वेब ऑप्टिमाइज्ड’ही निवडा, म्हणजे पूर्ण फाइल उतरण्याआधीच व्हिडिओ सुरू होईल.